डोंगरात नसलेली शेतं

मनस्वीचं बारसं झालं ते साल दोन हजार पंचवीस. देवजी घरतांची ती पहिली नात. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते, आणि बाळाच्या बापाला, मिथुनला, बहीण नव्हती. भाऊबंदांतल्या दोघीतिघींनी त्या आशेने नव्या साड्या घेतल्या होत्या. मिथुनने सगळ्यांना बाजूला सारून क्रांतीला पुढे बोलावलं. क्रांती वाघमारे म्हणजे त्याचा जिवलग मित्र धम्मपाल, त्याची बहीण. "हीच माझी बहीण," मिथुन म्हणाला, आणि मांडवात कोणाची उलट बोलायची टाप झाली नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात धम्मपाल गेला. मिथुनच्या कंपनीच्या कामाला दक्षिणेतल्या डोंगरात असताना त्याची जीप दरीत कोसळली. मिथुन स्वतः जाऊन त्याचं प्रेत घेऊन आला.

आणि डिसेंबरात, देवजी नातीला मांडीवर घेऊन कोवळ्या उन्हात बसले होते तेव्हा, क्रांतीचा फोन आला.

"काका, आप्पांनी परवापासून अन्नाला हात लावला नाही."

"का? तब्येत बिघडली काय?"

"कंपनीचं पत्र आलंय. दादाने खोटी शेतं दाखवली म्हणे. दादा चोर होता म्हणे."

देवजींनी बाळाला आजीकडे दिलं. "कोन म्हनतो?"

"मिथुनदादाची सही आहे, काका."

देवजी घरत पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीत त्यांनी पुष्कळ रडणी ऐकली होती. ही पोरगी रडत नव्हती, म्हणून त्यांना जास्त लागलं.

तिचे आप्पा, म्हणजे बाजीराव, मराठवाड्यातून आले तेव्हा देवजींच्याच चाळीत खोली घेऊन राहिले होते. जासईच्या कंटेनर यार्डात ते कामाला होते. मिथुन आणि धम्मपाल एका ताटात जेवून वाढले. पुढे बाजीरावांनी कामोठ्याला घर केलं, पण येणंजाणं सुटलं नाही.

"बाजीरावांना सांग," देवजी म्हणाले, "देवजीनं शब्द दिलाय. खरं काय ते मी काढतो. तवर दोन घास खा म्हनावं."

संध्याकाळी त्यांनी मिथुनला विचारलं. मिथुनने डोळ्यांवरून हात फिरवला.

"बाबा, मलाही धक्काच बसला. पण करू काय? खरेदीदाराला उत्तर द्यावं लागतं. तुम्ही टेन्शन नका घेऊ, हे कॉम्प्युटरचं प्रकरण आहे."

प्रकरण होतं ते असं. युरोपातल्या देशांनी कायदा केला होता. दोन हजार वीस सालानंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरची कॉफी, रबर, लाकूड तिकडे विकता येणार नाही. अंमलाची तारीख पुढे ढकलली जात होती, पण तिकडचे खरेदीदार आधीपासूनच पुरावा मागू लागले होते. पुरावा म्हणजे शेताचा नकाशा. कॉफीचं पोतं कोणत्या शेतातून निघालं आणि कुठून कुठून बंदरावर आलं, ते दाखवता आलं पाहिजे. मिथुन आणि त्याचा भागीदार विपुल यांनी त्यासाठी सॉफ्टवेअर केलं होतं. धम्मपाल त्यांच्याकडे पाहणीचं काम करायचा. तो डोंगरात जाऊन, हातात फोन घेऊन शेताच्या कडेकडेने चालायचा. तो जसा चालेल तसा शेताचा आकार फोनवर उमटायचा.

मितेश नावाच्या एका व्यापाऱ्याची कॉफी या सॉफ्टवेअरच्या भरवशावर जर्मनीला निघाली होती. तिकडच्या खरेदीदाराने उपग्रहाचे फोटो आणि डोंगराच्या उंचीचा नकाशा लावून बघितलं, तर एक शेत चक्क उभ्या कड्यावर निघालं. मग त्याने माणसं पाठवून बाकीची तपासली. बऱ्याच शेतांच्या जागी माणसाची पायवाटसुद्धा नव्हती. कंटेनर जासईच्या यार्डात अडकून पडले. त्या सगळ्या खोट्या शेतांपुढे मोजणारा म्हणून धम्मपालचं नाव होतं.

रविवारी क्रांती गावात आली. ती बेलापूरला बँकेत नोकरीला होती. घरात बसायला तिचं मन घेईना, म्हणून देवजी तिला घेऊन खाजणालगतच्या, खाडीच्या चिखलाला लागून असलेल्या मैदानाकडे निघाले.

"तुझा भाऊ असं करनार नाय हे मला म्हाईत हाय," देवजी म्हणाले. "पन मला म्हाईत असून भागत नाय. जुलैत तो कुठं होता?"

"कधी डोंगरात, कधी इथे. पंधरा दिवस तरी घरीच होता. तेच तर वाईट आहे ना. ती शेतं जुलैतलीच आहेत."

मैदानाची कड धरून दोघं चालत होती. मैदान त्यांच्या उजव्या हाताला होतं. कडेवर शेंदूर माखलेला एक दगड होता. गावचा राखणदेव. क्रांती पायवाटेने दगडाच्या आतून, मैदानाकडच्या बाजूने, सरळ पुढे गेली. मागे वळून बघते तर देवजी दगडाच्या बाहेरच्या अंगाने, चिखल आणि काटेरी झुडपं तुडवत येत होते.

"काका, चांगली वाट सोडून चिखलातून कशाला?"

"देवाला डावं घालायचं नाय. तो उजव्या हाताला र्‍हायला पायजे. आमच्या गावात पोर चालायला लागलं का पयलं हेच शिकवतात."

क्रांती हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलंच हसू. "दादाला यावरूनच मारलं होतं ना पोरांनी?"

"मारलं होतं. आनि मीच सोडवला होता." देवजींनी पायातला काटा काढला. "मी त्याला म्हटलं, अरे गप जा की बाहेरून, तुझं काय जातं? तर म्हनतो, आप्पांनी सांगितलंय, दगडासाठी वाट बदलायची नाय. एवढंसं पोरगं. मग मी गावाला सांगितलं, हा आपल्या वाटेनं जाईल, कोनी हात लावायचा नाय."

"शेवटपर्यंत तसाच सरळ जायचा," क्रांती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी देवजी सीवूड्सला कंपनीच्या ऑफिसात गेले. मिथुन बैठकीत होता. ते विपुलसमोर जाऊन बसले. विपुल सीवूड्समध्येच वाढलेला, डोळ्यांखाली काळं, बोलताना नखं खाणारा. संगणकाचं सगळं काम त्याच्या हातात. देवजींचा संशय त्याच्यावरच होता.

"ही शेतं खुर्चीत बसून काढता येतात?"

"नाही, काका. आमचं सॉफ्टवेअर घेणारच नाही. फोनला पावलं कळतात. लोक घरबसल्या रेघा मारतील म्हणून मीच तशी सोय केली."

"मग हे खोटं आलं कुठून?"

"कोणीतरी खरंच चाललंय. फक्त डोंगरात नाही. दुसरीकडे कुठेतरी चालून, मग तो आकार उचलून डोंगरावर ठेवलाय. थोडा फिरवून, थोडा लहानमोठा करून."

"डोंगरात कुठंही?"

"दाट झाडीवर. कॉफी सावलीत होते ना. वरून बघितलं तर जंगल काय आणि कॉफीचा मळा काय, सारखंच दिसतं. फसलं ते त्या कड्यामुळे. वरून कडा दिसत नाही."

"असं उचलून ठेवायची ताकद कोनाच्या हातात?"

"तिघांच्या. मी, मिथुन आणि धम्मपाल."

"तू केलंस?"

विपुलने नख तोंडातून काढलं. "मी केलं असतं तर हे सगळं तुम्हाला सांगितलं असतं का?"

"हुशार चोर असाच सांगतो."

"मग लावा बेड्या," विपुल चिडून म्हणाला. "धम्मपाल माझाही मित्र होता. त्याच्या नावाने पत्र जाऊ नये म्हणून मी भांडलो. थांब म्हटलं, आधी शोधू. मिथुनने ऐकलं नाही."

मग त्यानेच पडदा देवजींकडे वळवला. त्याने खोटी शेतं एकमेकांवर ठेवली, फिरवून जुळवली, लहानमोठी सारखी केली. सगळी मिळून एकच आकार उरला. लांबट, एका बाजूला निमुळता. आणि लांब कडेवर एक लहानसा फुगवटा बाहेर आलेला.

"हे काय?" देवजींनी बोट ठेवलं.

"आधी मला वाटलं सिग्नल हलला. पण प्रत्येक वेळी त्याच जागी कसा हलेल? ते कोडं मला सुटलेलं नाही."

"चालताना शेत कोनत्या हाताला ठेवायचं, काय नियम हाय?"

"उजव्या. उलटं चाललं तर ॲप घेत नाही."

देवजी बराच वेळ त्या आकाराकडे बघत राहिले. विपुलने चहा मागवला होता. तो तसाच टाकून ते उठले. दारात मिथुन भेटला.

"काय बाबा, तपास चालू का?" तो हसत म्हणाला.

"चालू हाय. जुलैत तू डोंगरात गेला होतास?"

"मी? जुलैभर माझा गुडघा धरला होता. लिफ्टशिवाय हललो नाही. का?"

"असंच."

घरी मिथुनची आई, यशोदाबाई, अंगणात खाडीतल्या चिंबोऱ्या साफ करत बसल्या होत्या. देवजी शेजारी पाटावर टेकले.

"मिथुनचा गुडघा जास्त दुखत होता का गं जुलैत?"

"कसला गुडघा?"

"दुखत होता ना?"

"तुमाला कोनी सांगितला? रोज सकाळी चालायला जायचा तो. डॉक्टरनं सांगितलंय म्हनायचा. बूट चिखलानं भरवून आनायचा आनि दारात टाकायचा. खाजनाचा काळा चिखल तो, लवकर निघतो काय? मीच घासत बसायची."

"कधी बोलली नायस."

"त्यात काय बोलायचा? पोरगा चालतोय, बरा हाय." त्यांनी मान वर केली. "का हो? तोंड असा का झालाय तुमचा?"

"उन्हातून आलो," देवजी म्हणाले.

त्या रात्री ते जेवले नाहीत. नोकरीत त्यांनी परक्यांच्या पोरांना गजाआड घातलं होतं, आणि त्यांच्या आयांना 'तुमचं लक्ष कुठे होतं' म्हणून दरडावलं होतं. आता ते अंथरुणावर पडून आपल्याच घरातल्या आवाजांकडे कान लावून होते. आत मिथुन मुलीला झोपवत होता. गाणं गात होता. आवाज गोड होता त्याचा.

अजून एक शंका शिल्लक होती, आणि तिच्यावर त्यांनी सगळा भार टाकला. आपलं चुकत असेल. मैदानं सारखी असतात. बूट चिखलाने कुठेही भरतात. बघितल्याशिवाय बोलायचं नाही.

नवं वर्ष लागल्यावर पहिल्या रविवारी सकाळी त्यांनी मिथुन, विपुल आणि क्रांती, तिघांनाही मैदानावर बोलावलं.

"मला हे ॲप समजत नाय," ते म्हणाले. "प्रत्येकानं एकेक चक्कर मारा. मैदान उजव्या हाताला ठेवून. मी बघतो."

"बाबा, त्यासाठी रविवार घालवायचा?" मिथुन कुरकुरला. "ऑफिसात पण दाखवलं असतं की."

"बापाचा एक हट्ट समज."

आधी क्रांती चालली. दगडाच्या आतून, पायवाटेने, सरळ. मग विपुल. त्याला तिथे देव आहे हेही कळलं नाही. फोनकडे बघत तो दगडाच्या आतून निघून गेला, आणि जाताना दगडावर पाय पडतापडता वाचला.

मग मिथुन.

देवजी त्याच्या पायांकडे बघत होते. मिथुन भरभर चालत होता. त्याचं लक्ष फोनमध्ये होतं, एकीकडे तो विपुलशी ओरडून काहीतरी बोलत होता. दगड जवळ आला. देवजींच्या ओठांवर शब्द आले होते. सरळ ये पोरा, आतून ये, एकदा देवाला डावं घाल. ते त्यांनी उच्चारले नाहीत.

मिथुनने फोनवरून नजरही उचलली नाही. त्याचे पाय आपोआप वाट सोडून बाहेर वळले. झुडपांतून, चिखलातून, दगड उजव्या हाताला ठेवून तो फिरून परत कडेवर आला आणि पुढे चालू लागला.

"विपुल," देवजी म्हणाले, "तिघांचे आकार दाखव."

विपुलने ते पडद्यावर एकाखाली एक मांडले. क्रांतीची कड सरळ होती. विपुलची सरळ होती. मिथुनच्या कडेवर लहानसा फुगवटा होता. विपुलने मग खोट्या शेतांचा आकार त्यावर ठेवला. तो जुळला. त्याने फोन खाली केला आणि मिथुनकडे न बघता तो दोन पावलं मागे सरकला.

"काय झालं?" मिथुनने विचारलं.

"सांगतो," देवजी म्हणाले. "ही खोटी शेतं डोंगरातली नायत. हे मैदान हाय. कोनीतरी जुलैत इथं सकाळी येऊन, फोन घेऊन चालला. वेगवेगळ्या दिवशी. मग हेच मैदान फिरवून, वाढवून, घटवून डोंगरातल्या झाडीवर टाकलं. ताकद तिघांकडे होती. विपुल चालला असता तर फुगवटा आला नसता. त्याला हा देव म्हाईत नाय, आता तुमी बघितलंत. धम्मपाल चालला असता तरी आला नसता. या दगडासाठी तो मार खाऊन पन वळला नाय. हा फुगवटा आमच्या गावच्या मानसाचा हाय. ज्याला लहानपनी कोनीतरी बोट धरून शिकवलंय त्याचा."

ते मिथुनच्या समोर येऊन उभे राहिले.

"मी शिकवलंय, मिथुन."

"बाबा, गावात शंभर माणसं आहेत…"

"त्यातल्या कोनाकडं ही ताकद हाय? आनि तुझा गुडघा? तुझी आई जुलैभर तुझे बूट घासत होती."

मिथुन हसायला गेला, पण ते जमलं नाही. खाजणावरून बगळे उडाले. मग तो एकदम बोलू लागला, धरण फुटावं तसा.

"मितेशने आधीच माल उचलला होता. नव्याने झाडं तोडलेल्या जमिनीवरचा माल, ते मला नंतर कळलं. खरी शेतं दाखवली असती तर सगळं बुडालं असतं. ऑफिस, पोरांच्या नोकऱ्या, सगळं. मी म्हटलं एकदाच. कोणाला कळणार आहे?"

"धम्मपालला कळलं?" क्रांतीने विचारलं.

"नाही. त्याला कधीच नाही कळलं. देवाशपथ."

"मग त्याचं नाव?"

मिथुन फोनचा पडदा बोटाने पुसत राहिला.

"त्याचं नाव कधी घातलंस?" देवजींनी विचारलं. हा त्यांचा पोलीस ठाण्यातला आवाज होता.

"आधी माझंच होतं. तो गेल्यावर बदललं." मिथुन क्रांतीकडे वळला. "तू समजून घे ना. तो गेलाच होता. त्याला आता काय लागणार होतं? शिक्षा होणार नव्हती, नोकरी जाणार नव्हती. माझं नाव राहिलं असतं तर मी तुरुंगात गेलो असतो. मनस्वी एवढीशी आहे."

"मनस्वीचं नाव मी ठेवलंय," क्रांती म्हणाली. "तिच्या बापाने माझ्या भावाचं नाव मातीत घातलं."

"क्रांती…"

"प्रेत घेऊन आलास तेव्हा आप्पांच्या पाया पडलास तू. रडलास. तेव्हा बदललं होतंस का?"

मिथुन तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. देवजी मटकन तिथेच बांधावर बसले. विपुल त्यांना धरायला पुढे आला, त्यांनी त्याला हाताने थांबवलं.

"तुझ्यावर वहीम घेतला, पोरा," ते विपुलला म्हणाले. "माफ कर." मग मिथुनला म्हणाले, "आत्ता इथं, विपुलसमोर, खरेदीदाराला लिही. सगळं. मग कामोठ्याला चल. उद्या सकाळी पोलीस ठाण्यात. तू गेला नायस तर मी जाईन, आनि माझा जबाब तुझ्यापेक्षा पक्का असेल."

"बाबा, मी तुमचा मुलगा आहे."

"म्हनून तर आज पोलीस घेऊन आलो नाय."

मिथुनने लिहिलं. विपुलने ते वाचून बघितलं आणि पाठवलं.

कामोठ्याला मिथुन जिन्यापर्यंत आला, वर चढला नाही. देवजी आणि क्रांती वर गेले. बाजीराव खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. देवजींच्या शब्दाखातर रोज दोन घास तेवढे घेत होते, अंगावर हाडंच उरली होती. देवजी खाली जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मिथुनचं नाव घेताना त्यांना थांबावं लागलं, पण घेतलं.

बाजीराव हळूच वळले.

"म्हंजी माझ्या पोरानं काय केलं न्हाई?"

"काय नाय. त्यानं मोजलेली सगळी शेतं खरी निघाली. विपुलनं तपासली."

"आन् मिथुननं केलं."

"व्हय."

बाजीरावांनी खाटेच्या कडेवर हात थापटला. "धम्मा गेल्यावर हितं आला व्हता. ह्या खाटेवर बसला. मला म्हनला, आप्पा, आजपासून मीच तुमचा धम्मा." त्यांनी डोळे मिटले. "मी हात फिरवला त्याच्या डोक्यावरनं. देवजी, मला ते मिटवता येईना बघ."

देवजींनी त्यांचं सुटलेलं पांघरूण सावरलं.

"कुठं हाय त्यो?"

"खाली. जिन्यात."

"वर येऊ नगं म्हनावं." मग ते म्हणाले, "तू येत जा. तुजा काय गुन्हा."

क्रांतीने पेज आणली. बाजीराव उठून बसले आणि चार घास खाल्ले. देवजी खाली उतरले तेव्हा मिथुन गुडघ्यात डोकं घालून पायरीवर बसला होता. त्यांनी निरोप सांगितला आणि ते रस्त्याला लागले. त्याच्यासाठी थांबले नाहीत.

मिथुन दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून ठाण्यात हजर झाला. यशोदाबाई त्या दिवसापासून देवजींशी बोलल्या नाहीत. विपुलने मितेशच्या मालाच्या सगळ्या नोंदी सॉफ्टवेअरमधून काढून टाकल्या, आणि धम्मपालने मोजलेली खरी शेतं त्याच्याच नावावर राहू दिली. आठवड्याभरात खरेदीदाराचं उत्तर आलं. धम्मपाल वाघमारे यांच्यावरचा आरोप मागे घेतला आहे, असं त्यात लिहिलं होतं. क्रांतीने ते वडिलांना मराठीत करून सांगितलं. त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं. खंगलेलं अंग मात्र पुन्हा भरलं नाही.

बाजीराव वाघमारे सोमवारी, एकोणीस जानेवारी दोन हजार सव्वीस रोजी सकाळी, कामोठ्याच्या घरी वारले.